पेल्यात काय होतं

पेडण्याकडच्या पार्शे गावाची सून, परसात काजूच्या बोंडवांचा वास, आणि ही म्हणे डिचोलीला बारावीच्या पोरांना फ्रेंच शिकवते! लोक हसायचे. हसू देत, मलाही हसू यायचं. पण त्यातलीच एक गोष्ट आहे, ती आठवली की हसू येत नाही, आणि आता ऐंशी उलटल्यावर नको तेव्हा आठवते. एका मुलीची गोष्ट. ती बारावीला बसणार की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न माझ्यामुळे उभा राहिला होता.

मला फ्रेंच कुठून आलं ते आधी सांगते, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच अडकायचं. पोर्तुगीज अमदानीत मी पणजीला मावशीकडे राहून दोन वर्षं लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात गेले. तिथे फ्रेंच होतं. मग वडिलांनी घरी बोलावलं, पुढे लग्न झालं, गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला, आणि ते शिक्षण तिथेच राहिलं. सासरी शेजारी एक म्हातारे वकील होते. ते वारले तेव्हा त्यांची पुस्तकं चुलीत घालायला काढली होती. त्यातलं एक फ्रेंचचं जाडं पुस्तक मी मागून घेतलं. शेवटची पन्नासेक पानं वाळवीने खाल्लेली. म्हणजे माझं फ्रेंच बरीच वर्षं शेवटाशिवायचं होतं बघा! पुढे आणखी पुस्तकं मिळवली, बाहेरून परीक्षा दिल्या, पास झाले. बोलायला मात्र कोणी नव्हतं. मग हरमलच्या किनाऱ्यावर ते गोरे यायला लागले, तशी मी नणंदेकडे जायचं निमित्त काढून जायची आणि त्यांच्यातलं कोण फ्रान्सचं आहे ते शोधायची. एक बाई मला म्हणाली, तुम्ही माझी आजी पत्रं लिहायची तशा बोलता. मला वाटलं कौतुक आहे. घरी येऊन विचार केल्यावर कळलं, तसं काही नाही.

तर डिचोलीच्या एका हायस्कुलाला अकरावी-बारावी जोडली आणि फ्रेंचला कोणी मिळेना, तेव्हा मला बोलावलं. लेक्चर बेसिसवर. म्हणजे जूनमध्ये पत्र आलं तर नोकरी, नाही आलं तर घरी काजू सोलायचे. दर मे महिन्यात मी पोस्टमनची वाट बघत दाराशी बसायची. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ते वर्ष भाषेच्या वादाचं. कोकणीला राजभाषा करण्याचा कायदा होऊन महिनाही झाला नव्हता. भिंतींवर डांबराने लिहिलेलं तसंच होतं, रस्त्यात आडव्या टाकलेल्या झाडांचे ओंडके कडेला पडलेले होते. स्टाफरूममध्ये मराठीचे सर आणि कोकणीच्या बाई एका मेजावर चहा पीत नव्हते. मी मधल्या खुर्चीवर. दोघेही मला आपल्यात धरत नव्हते, आणि दोघेही माझ्याकडे बघून दुसऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचे.

त्या वर्षी माझ्या वर्गात नऊ जण होते. एरवी चार-पाच असायचे. कारण ऐका. मराठी घेतली तर एक बाजू, कोकणी घेतली तर दुसरी. ज्यांच्या आईबापांना कुठलीच बाजू नको होती त्यांनी पोरं माझ्याकडे ढकलली. त्यातलीच ही मुलगी. तिचा बाप कोल्हापूरकडचा, खाणीच्या वर्कशॉपात फिटर, कारापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. प्रवेशाच्या दिवशी मला म्हणाला होता, "बाई, मराठी घेतली तर म्हणत्यात घाटी आला. कोकणी हिला लिवता येत न्हाई. तुमचं ते फ्रेंच बरं. त्येच्यावरनं तरी कुणी दगड मारत न्हाई."

आणि ही मुलगी नऊ जणांत पुढे गेली. गोव्याच्या पोरांना वाटायचं, आपल्याला पोर्तुगीज शब्द ठाऊक आहेत, म्हणजे फ्रेंच अर्धं येतंच. हिला असं काही वाटण्यासारखं नव्हतं, म्हणून ती पहिल्यापासून शिकली. पाठ करायची नाही, विचारायची. "बाई, हे असंच का?" बाकीचे मला टीचर म्हणायचे, ही बाई म्हणायची. बारावी झाली की पणजीला कॉलेजात फ्रेंचच घ्यायचं असं तिने मनात धरलं होतं. बापाने गावाकडे एक स्थळ बघून ठेवलं होतं. बारावी झाल्यावर बघू, असं त्याने तिला म्हटलं होतं. सगळं त्या 'बारावी झाल्यावर'वर टांगलेलं.

आता बारावीच्या फ्रेंचमध्ये नुसती भाषा नसायची. त्या लोकांची राहणी, सणवार, जेवणखाण, तेही असायचं. तोंडी परीक्षेला पणजीहून परीक्षक यायच्या आणि हमखास त्यावरच विचारायच्या. आदल्या वर्षी 'फ्रेंच घरातलं जेवण' यावर माझ्या एका शहाण्याने लिहिलं होतं, फ्रेंच लोक जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात. दुसऱ्याने शेवटी ताकभात वाढला होता. पोरांची चूक नाही. न बघितलेलं कसं लिहिणार? त्यांनी बघितलेले फ्रेंच एकच.

"टीचर, फ्रेंच म्हणजे ते हरमलचे? कपडे घालत नाहीत ते?"

"ते इथे येऊन घालत नाहीत. घरी घालतात."

"मग घरी जेवतात तरी आमच्यासारखे?"

तेव्हा मी ठरवलं, यांना एकदा मेज मांडून दाखवायचं. मेजावर पांढरी चादर, डावीकडे गार्फ म्हणजे आपला काटा, उजवीकडे सुरी, वर कुलेर म्हणजे चमचा. पाव ताटात नाही, चादरीवर ठेवायचा, हाताने मोडायचा. शेवटी चीज. सगळं बोलणं फ्रेंचमधून. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, लांब पाव भाजून मागितला तर तो म्हणतो, "टीचर, हो खावपाक काय कोणाक मारपाक?" मराठीच्या सरांनी माझ्या पिशवीतून बाहेर आलेलं पावाचं टोक बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो, आज कोणाला बाटवताय?" आमच्याकडे जुन्या गोष्टीत विहिरीत पाव टाकला की गाव बाटायचा, त्यावरून ते. कोकणीच्या बाईही हसल्या. महिनाभरात ती दोघं पहिल्यांदा एका गोष्टीला हसली, ती माझ्या पावाला.

राहिली वाईन. फ्रेंच मेजावर वाईन नाही तर काय! ती अर्थात आणायची नव्हती, इतकी अक्कल होती. लाल सरबत आणलं असतं. पण मला हौस. पांढरी वाईन असते ना, अगदी त्या रंगाची वस्तू आमच्या घरात होती. त्या वर्षी बोंडू लवकर धरले होते. बोंडू मळून झाले की चोथ्यावर धोंडा ठेवतात आणि त्यातून थेंब थेंब स्वच्छ रस गळतो, तो नीरो. सकाळी थंडगार प्यायचा. दारू नव्हे हो. आमच्याकडे पाळण्यातून उतरलेलं पोरसुद्धा नीरो पितं. पण तोच रस तापला, उभा राहिला, की आंबतो, आणि मग त्याला सरबत म्हणता येत नाही.

माझ्या जावेने सकाळी बाटली भरून दिली, बूच घट्ट बसवलं आणि म्हणाली, "गो, ह्यो थंड आसा तवसरच पियाचो. दुपार झाली की चढता. मागीर पोरांक दिवं नको हां."

"अगो, पहिलाच तास आहे माझा," मी म्हटलं.

पहिलाच तास होता. पण म्हापशाला स्टँडसमोर कसला तरी मोर्चा, बस दीड तास जागेवर उभी. तापलेली बस, बाटली माझ्या मांडीवर, मी पदराने झाकून घेतलेली. शाळेत पोचले तो माझा तास गेलेला. प्रिन्सिपल सर म्हणाले, शेवटचा घ्या. शेवटचा म्हणजे दुपारी एक वाजता.

मेज मांडलं. पोरं काय खूश झाली! नवव्याला खुर्ची नव्हती तर तो स्टुलावर बसला. त्या लोकांत घरधनी आधी आपल्या पेल्यात घोटभर ओतून चाखतो, बरं आहे बघून मग पाहुण्यांना वाढतो. घरधनीण कोण? जिचं फ्रेंच सगळ्यात चांगलं ती. मी तिला मेजाच्या डोक्याशी बसवलं. पांढऱ्या गणवेशात, ओढणी नीट पिन केलेली, कानात लाल खडे. ती इतकी गंभीर झाली होती की जणू खरंच पॅरिसहून माणसं जेवायला यायची आहेत.

मी बूच काढलं. फुस्स असा आवाज आला.

नीरोचं बूच आवाज करत नाही. पार्शाच्या बाईला हे कोणी सांगायला नको. वासही आला, अगदी हलका. मला कळलं. मी आज तुम्हाला सांगते, मला त्याच घडीला कळलं होतं. बाटली खिडकीतून ओतून दिली असती आणि पेल्यांत नळाचं पाणी भरलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नऊ पेले समोर, नऊ तोंडं माझ्याकडे, सकाळपासूनची धावपळ. मनात म्हटलं, घोटघोटभर तर आहे. आमच्या पोरांना काय होतंय? आमच्या पोरांना! मेजाच्या डोक्याशी बसलेली आमच्यातली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या मनातच आलं नाही.

तिने ओतलं, चाखलं, मान हलवली, सगळ्यांना वाढलं. ओतताना बाटली जरा जास्त कलली, ओढणीवर थोडं सांडलं. मग तिच्या पेल्यात उरलेलंही तिने संपवलं, कारण घरधनिणीचा पेला भरलेला राहू नये असं मीच शिकवलं होतं. सकाळपासून उपाशी होती. नंतर कळलं, तो तिचा उपासाचा वार होता, शाळेत काही खायची नाही. पावाचा तुकडा तिने नुसता मोडून ठेवला होता. मी ते बघितलं, आणि मला वाटलं, लाजतेय.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलनी बोलावलं. खोलीत तिचा बाप उभा. वर्कशॉपचे कपडे, हातात टोपी. ती दाराशी. डोळे सुजलेले. घरी गेली तेव्हा तोंडाला वास येत होता, चक्कर आली होती. बापाने विचारलं, तर तिने खरं ते सांगितलं, बाईंनी नीरो दिला. त्याने शेजारी चौकशी केली, नीरो म्हणजे काय. शेजारी म्हणाला, काजूचा रस, त्याचीच पुढे फेणी करतात.

प्रिन्सिपल मला म्हणाले, "टीचर, काल वर्गात मुलांना काय दिलंत? पेल्यात काय होतं?"

जूनचं ते पत्र डोळ्यांसमोर आलं. मार्च तोंडावर, पुढे मे, पुढे जून. बाहेर भिंतींवर डांबर. 'टीचरने पोरांना दारू पाजली' हे कोणाच्या तोंडी कुठल्या बाजूचं होऊन फिरेल, काय सांगावं?

"सरबत," मी म्हटलं. "कोकमाचं."

मी विचार करून नाही बोलले. तोंडातून आलं.

प्रिन्सिपलनी बाकीच्या आठांना एकेक करून आत घेतलं. मी बाहेर व्हरांड्यात. मला वाटलं, संपलं आता. पण ती पोरं! माझी पेडण्या-डिचोलीची पोरं, त्यांना कोणी पढवलं नव्हतं, त्यांनी आपापसात काय ठरवलं देव जाणे. आठही जणांनी सांगितलं, सरबत होतं. टीचरवर आलंय, टीचरला वाचवायचं, एवढंच त्यांना कळलं. एक तर बाहेर येताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेला. त्यांच्या प्रेमाचं मला तेव्हा रडू आलं. आणि त्याच प्रेमाने दाराशी उभी असलेली ती एकटी खोटी पडली.

मला परत आत बोलावलं. ती म्हणाली, "सर, कोकम लाल असतं. ते पांढरं होतं. माझ्या ओढणीवर सांडलंय." आणि ओढणी पुढे केली. रात्रीची वाळलेली. तिच्यावर काहीच दिसत नव्हतं. काजूचा डाग पहिल्या दिवशी दिसत नाही. प्रिन्सिपल गोव्याचेच, त्यांना ते ठाऊक होतं. मलाही होतं. त्या खोलीत ठाऊक नव्हतं ते दोघांनाच, तिला आणि तिच्या बापाला.

तो तिच्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "मग वास कशाचा व्हता? कुणाबरोबर गेल्तीस?"

ती माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे.

बाप म्हणाला, "सर, उद्यापासनं ही येनार न्हाई." आणि तिला घेऊन गेला.

संध्याकाळी जावेने रिकामी बाटली विसळताना नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. "दुपारी दिलंस मगो?" मी बाटली तिच्या हातातून घेतली आणि फळीवर पालथी घातली. त्या मोसमात तिने मला पुन्हा नीरो भरून दिला नाही.

ती खरंच आली नाही. अभ्यासाची सुट्टी लागायला थोडेच दिवस होते, म्हणून कोणाला फारसं जाणवलं नाही. मला जाणवत होतं. हॉल तिकिटं आली. आठांनी आपापली नेली. तिचं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं. क्लार्क म्हणाला, "ती घाटावरची ना? गावाला पाठवणार म्हणतात, लग्न ठरतंय." मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. मराठीचे सर म्हणाले, "टीचर, एवढं मनाला लावून घेऊ नका. पोरगी खोटारडी निघाली त्याला तुम्ही काय करणार?" त्या वर्षात माझ्या बाजूने ते हे एकच बोलले.

तोंडी परीक्षेला आठवडा उरला तेव्हा मी ते हॉल तिकीट मागून घेतलं आणि साखळीची बस धरली. कारापूरला उतरून विचारत विचारत गेले. ट्रकांच्या लाल धुळीने माखलेलं घर, दाराशी तुळस, तिच्यावरही धूळ. तिची आई भांडी घासत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, खुर्ची दिली. बाप पहिल्या पाळीहून नुकताच आलेला. मुलगी आतल्या खोलीत, पडद्याखाली पाय दिसत होते.

मी हॉल तिकीट मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "मी खोटं बोलले. तो नीरो होता. दुपार झाल्यामुळे बिघडला होता, आणि ते मला कळलं होतं. तुमची मुलगी खरं बोलली."

वाटलं होतं, तो ओरडेल. नाहीतर निदान आश्चर्य करेल. त्याने बायकोकडे बघितलं. ती आत गेली आणि ओढणी घेऊन आली. दोनदा धुतलेली. पदरावर हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग, कडेला गडद. शेजारच्या बाईने दोरीवर बघून सांगितलं होतं, हा काजूचा डाग गो, हा आता जन्मात जायचा नाही.

"आमास्नी कळलंय, बाई," बाप म्हणाला. "चार दिस झालं. आमी बघत व्हतो, तुमी कवा येताय."

मला वाटलं जमीन फाटावी. पाणी हातात तसंच.

"पोरीचं मी ऐकलं न्हाई," तो म्हणाला. "शाळेत साळसूद मान्सं बसल्याली, त्येंचं ऐकलं. ते माझं मी बघीन. तुमी यक करा. सरास्नी खरं सांगा. आनि त्या पोरांस्नी बी, हिच्या म्होरं. आठ जनांत ही खोटी पडली, आठ जनांत खरी हुंद्या. मग मी हिला परीक्षेला बसवतो. फुडचं बी बघू."

"सांगते," मी म्हटलं. "तोंडी परीक्षेला सगळे नऊ एकत्र येतील तेव्हा सांगते."

"वचन?"

"वचन."

निघताना मुलगी पडद्याआडून बाहेर आली. हॉल तिकीट घेतलं. "बाई, जेवणाचाच प्रश्न विचारतील का हो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, बहुतेक.

प्रिन्सिपलना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते फाईल बंद करत म्हणाले, "मी तेव्हाच ओळखलं होतं, टीचर. आता लिहून वगैरे काही देऊ नका. दिवस कसले आहेत बघताय ना. मुलगी परीक्षेला बसतेय ना? झालं तर." म्हणजे तेही ठाऊक असून गप्प होते. मला धीर यायला हवा होता, उलट अंगावर काटा आला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण मागाहून सांगण्यात अर्थ नाही. निकाल लागला, फ्रेंचमध्ये ती शाळेत पहिली आली. त्याच दिवसांत गोव्याचं राज्य झालं, डिचोलीच्या बाजारात फटाके उडाले. जूनमध्ये माझं पत्र आलं, त्यानंतरही पुष्कळ वर्षं येत राहिलं. ती पणजीला कॉलेजात गेली असं ऐकलं. मला भेटायला कधी आली नाही, आणि यावं तरी का? आता त्या तोंडी परीक्षेच्या दिवसावर येते.

नऊही जण व्हरांड्यात, केस चापून बसवलेले, ओठ हलताहेत, पुटपुटताहेत. ती तीच ओढणी घालून आली होती. दुसरी नव्हती, की मुद्दाम, मला माहीत नाही. डाग पुढच्या बाजूला. आठांनीही तो बघितला. गोव्याची पोरं, बघितल्याबरोबर ओळखलं असणार, सगळी वहीत डोकं घालून बसली. मी म्हटलं, "मुलांनो, एक सांगायचं आहे." नऊ तोंडं वर झाली. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली, परीक्षक बाई उतरल्या. मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे. मग सांगते. आत्ता तुम्ही घाबराल." पोरं घाबरणार होती की मी, ते तुम्ही समजून घ्या.

परीक्षेच्या खोलीत कोपऱ्यात मला बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. तिची पाळी पाचवी. परीक्षक बाई पणजीच्या, केस पिकलेले, गोड स्वभावाच्या. त्यांनी फ्रेंचमधून विचारलं, एखाद्या फ्रेंच जेवणाचं वर्णन कर.

तिने सुरुवात केली. काय सुरेख बोलली म्हणून सांगू! पांढरी चादर, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, लांब पाव चादरीवर, तो हाताने मोडायचा. नऊ माणसं आणि आठ खुर्च्या, एक पाहुणा स्टुलावर. परीक्षक बाई हसल्या. ही घरधनीण कशी आधी चाखते, मग सगळ्यांना वाढते. ती ते पुस्तकातलं सांगत नव्हती, आमचं मेज सांगत होती, आणि एकही शब्द अडखळत नव्हता.

"आणि पेल्यात?" बाईंनी कौतुकाने विचारलं. "पेल्यात काय होतं?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पहिल्या दिवसापासून 'हे असंच का?' विचारताना बघायची तसं.

"पाणी," ती म्हणाली. "नुसतं पाणी, मादाम."

परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि गुण लिहिले.

मी तिच्या मागोमाग बाहेर आले. जिन्याशी गाठलं. तीच म्हणाली, "बाई, बरोबर सांगितलं ना मी?"

"उच्चार चांगले होते," मी म्हटलं.

परत व्हरांड्यात गेले तो दोघं-तिघं घरी गेलेली, उरलेली एकमेकांना प्रश्न विचारत होती. त्यांना थांबवता आलं असतं. गेलेल्यांना निरोप पाठवता आला असता. मी कठड्याशी उभी राहिले आणि खाली बघत राहिले. फाटकाबाहेर तिचा बाप सायकल धरून उभा होता, पाळी बदलून आलेला असावा. ती त्याच्याजवळ गेली. त्याने काही विचारलं. काय विचारलं ते वरून ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण वचन मी दिलं होतं, मला ठाऊक होतं, आणि तुम्हालाही असेल. ती क्षणभर सायकलच्या हँडलकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली. हो म्हणून.

त्याने टोपी काढली, वर बघितलं, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या मला दोन्ही हात जोडले.

मीही जोडले.